आजचं चिंतन : युक्त झोप (गीता, अध्याय ६, श्लोक १६-१७)



काल आपण आसनापर्यंत आलो होतो. जागा स्वच्छ हवी, पाठ-मान-डोकं एका रेषेत हवं, मन आवरलेलं हवं. आता पुढे काहीतरी गूढ येणार असं वाटतं, आणि भगवंत एकदम जेवण-झोपेवर येतात. सोळाव्या श्लोकात ते म्हणतात, फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला साधत नाही आणि जागतच राहणाऱ्यालाही नाही. सतराव्यात तेच सरळ बाजूने सांगतात: ज्याचं खाणं-फिरणं, कामातली धडपड, झोप आणि जाग हे सगळं मापात आहे, त्याचा योग दुःख घालवणारा होतो. या मापासाठी शब्द आहे ‘युक्त’.

हे दोन श्लोक मी आजवर पंचवीस-तीस वेळा तरी शिकवले असतील. दोन वर्षांपूर्वी मात्र एका मुलाला ते शिकवताना मी इतकी मोठी चूक केली, की तेव्हापासून ‘अति झोपणारा’ या शब्दाशी आले की मी थांबते. आज ते सांगूनच टाकते.

आमच्या रविवारच्या गीता-वर्गाला एक मुलगा येतो. वय सत्तावीस, आयटीत नोकरी, मित्राबरोबर फ्लॅट शेअर करून राहतो. अतिशय गोड स्वभाव, पण वर्गाला कायम उशिरा यायचा आणि दहाव्या मिनिटाला डुलायला लागायचा. एकदा वर्ग संपल्यावर थांबला आणि खाली मान घालून म्हणाला, “ताई, मी सुट्टीच्या दिवशी अकरा-अकरा तास झोपतो. एरवीही नऊ तास होतात. तरी उठल्यावर वाटतं, झोपलोच नाही. सकाळचा जप होत नाही. मी फार तामसी आहे का?”

मी काय केलं? चौदाव्या अध्यायातला आठवा श्लोक काढला. तमोगुण जिवाला प्रमाद, आळस आणि निद्रा यांनी बांधतो, हे तिथे आहेच. वर कुंभकर्णावरून एक विनोद केला, सगळे हसले, तोही हसला. आणि संकल्प दिला: उद्यापासून पाचला उठायचं, अकरा माळा, काही झालं तरी.

त्याने नऊ दिवस केलं. दहाव्या दिवशी सकाळी ऑफिसला जाताना स्कूटरवर त्याचा डोळा लागला आणि गाडी डिव्हायडरला घासली. नशिबाने कोपर सोलवटण्यावर आणि हँडल वाकण्यावर निभावलं. संध्याकाळी त्याचा फोन आला. पहिलं वाक्य काय होतं माहितीये? “ताई, सॉरी, आज जप राहिला.”

पुढचं त्याच्या रूममेटमुळे कळलं. तो म्हणाला, हा रात्रभर प्रचंड घोरतो, आणि घोरता घोरता मध्येच श्वास बंद होतो. काही सेकंद सगळं शांत, मग एकदम गुदमरल्यासारखा आवाज, की पुन्हा घोरणं सुरू. डॉक्टरांकडे गेले, स्लीप स्टडी झाली, आणि निदान आलं स्लीप अ‍ॅप्निया. झोपेत घशाकडचा श्वासाचा मार्ग पुन्हापुन्हा बंद होतो. दरवेळी मेंदू अर्धवट जागा होऊन श्वास सुरू करतो, माणसाला सकाळी त्यातलं काहीही आठवत नाही. घड्याळात अकरा तास दिसतात, पण गाढ झोप सलग मिळतच नाही. म्हणजे ज्याला मी अति झोपणारा म्हणत होते, तो खरं तर जागणाऱ्यांच्या रांगेत उभा होता! सोळाव्या श्लोकाची पाटी मी त्याच्या गळ्यात उलटी अडकवली होती.

मला तेव्हा चरकसंहिता आठवायला हवी होती, आणि ती काही मला नवी नव्हती. चरकाचार्य आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य यांना शरीराचे तीन आधार म्हणतात. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात ते झोपेचे प्रकारही वेगवेगळे करतात. तमातून येणारी झोप, कफ वाढल्याने येणारी, मन आणि शरीर थकल्याने येणारी, रोगाच्या मागे लागून येणारी. आणि यांच्याहून निराळी ती रात्रीची आपोआप येणारी झोप, तिला त्यांनी ‘भूतधात्री’ म्हटलंय, म्हणजे जिवांना सांभाळणारी दाई. तमातल्या झोपेला ते पापाचं मूळ म्हणतात, पण बाकीच्यांना नाही. बघा, एकच माणूस अंथरुणावर पडलेला दिसतो, पण तो का पडलाय याची इतकी कारणं असू शकतात. वैद्य आधी कारण शोधतो. मी प्रवचनकाराच्या घाईत थेट निकाल दिला.

मग ‘अति’ म्हणजे किती? तुम्ही मला हे नेहमी विचारता, आणि गीतेत आकडा नाही म्हणून मी आधी टाळायचे. आता टाळत नाही. २०१५ साली अमेरिकेतल्या झोपेच्या तज्ज्ञ संस्थांनी उपलब्ध संशोधन तपासून शिफारशी दिल्या. प्रौढांनी रोज किमान सात तास झोपावं. १८ ते ६४ वयासाठी सात ते नऊ, ६५ नंतर सात ते आठ. नऊच्या वर गेलं म्हणजे लगेच काही बिघडलं असं नाही. कोवळं वय, आजारपण, आधीच्या जागरणाची थकबाकी, यात शरीर जास्त मागतं आणि ते दिलं पाहिजे. काही माणसांची मूळ गरजच थोडी मोठी असते. पण कायमच नऊ-दहा तासांच्या वर झोपणाऱ्यांमध्ये मधुमेह, हृदयविकार, पक्षाघात, नैराश्य हे जास्त आढळतं, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. याचा अर्थ जास्त झोपेने हे आजार होतात असा सरळ लावता येत नाही. बऱ्याचदा आत आधीच काहीतरी चालू असतं, थायरॉईड कमी पडलेलं असतं, रक्त कमी असतं, मन खचलेलं असतं, एखादं औषध सुस्ती आणत असतं, आणि लांबलेली झोप ही त्याची फक्त बाहेर आलेली खूण असते.

ज्ञानेश्वरीत माउलींनी सोळाव्या श्लोकावर दोन माणसं उभी केली आहेत. एकाने आपला जीव झोपेला विकून टाकलाय. दुसरा हट्टाला पेटलाय, झोपेच्या वाटेलाच जायचं नाही म्हणतो. आणि या दुसऱ्याबद्दल माउली म्हणतात की त्याचं शरीरसुद्धा त्याच्या हातात राहत नाही, मग योग कुठून हाती येणार? ही दुसरी ओळख आपल्या लोकांना नको असते. अमुक महाराज तीनच तास झोपायचे, तमुक साधक रात्रभर ध्यानात असतात, हे आपण किती कौतुकाने सांगतो! महाराजांचं महाराजांपाशी. तुमच्या-माझ्या नाडीत ते बळ आहे का हे बघायला नको? सतराव्या श्लोकावर माउली अगदी घरच्या माणसासारखं सांगतात: खाणं मोजून, बोलणं मोजून, पाऊल मोजून, आणि वेळ झाली की झोपेचाही मान राखायचा. मान राखायचा, म्हणजे पाहुणी आली की तिला दारात ताटकळत ठेवायची नाही आणि ती निघाली की पदर धरून बसायचंही नाही.

अर्जुनाचं एक नाव गुडाकेश आहे. परंपरेने त्याचा अर्थ लावलाय झोपेचा स्वामी, निद्रा जिंकलेला. (काही टीकाकार दाट केसांचा असाही अर्थ करतात, तो आज सोडू.) पहिल्या-दुसऱ्या अध्यायात संजय त्याला या नावाने ओळखतो, दहाव्यात आणि अकराव्यात भगवंत स्वतः अशी हाक मारतात. म्हणजे झोप जिंकलेल्या माणसाला भगवंत सांगताहेत की बाबा, जागतच राहणाऱ्याला योग नाही, नीट झोप. मला यातून असं वाटतं की झोप जिंकणं म्हणजे ती मारून टाकणं नव्हे. ती बोलावली की येते आणि काम झालं की जाते, तोच खरा जिंकलेला. या हिशेबाने आपल्यातले किती जण गुडाकेश? रात्री दीडला ती येत नाही, सकाळी नवाला ती जात नाही.

आता जे आजारी नाहीत त्यांच्याकडे येऊ. म्हणजे माझ्याकडेही. रविवारी सकाळी सातला जाग येते. शरीराचं झालेलं असतं. पण आज सुट्टी, म्हणून कूस बदलायची. मग येते ती तुकड्यातुकड्यांची झोप, विचित्र स्वप्नं, मध्ये फोन, परत डोळे बंद. अकराला उठलं की डोकं जड, चिडचिड, जेवायची वेळ टळलेली, आणि रात्री झोप नाही. सोमवार सकाळ कशी जाते ते तुम्हाला सांगायला नको. गाढ झोपेतून अर्धवट उठल्यावर येणारी ही गुंगी आणि दोन दिवसांत सरकलेलं शरीराचं घड्याळ, दोन्ही शास्त्राने ओळखलेल्या गोष्टी आहेत. सुट्टीच्या आणि कामाच्या दिवसांतल्या या फरकाला ‘सोशल जेटलॅग’ असं नाव आहे. विमानात न बसता दर सोमवारी परदेशातून आल्यासारखं! अठराव्या अध्यायाच्या एकोणचाळिसाव्या श्लोकात तामस सुखाचं वर्णन येतं: निद्रा, आळस, प्रमाद यांतून येणारं, सुरुवातीलाही भुलवणारं आणि शेवटीही. राजस सुख निदान सुरुवातीला तरी गोड लागतं. हे मात्र घेतानाही नीट लागत नाही. रविवारच्या त्या सात ते अकरामध्ये खरंच मजा आली होती का, हे स्वतःला विचारून बघा.

आणि एक तिसरी झोप आहे, तिच्याबद्दल बोलताना आवाज खाली घ्यावा लागतो. नोकरी गेली, नातं तुटलं, परीक्षेत तिसऱ्यांदा अपयश आलं, घरात कुणी गेलं. जागं झालं की ते सगळं आठवतं, म्हणून जागंच व्हायचं नाही. मला याबाबतीत अठराव्या अध्यायातला पस्तिसावा श्लोक फार महत्त्वाचा वाटतो. माणूस ज्या हट्टाने काही गोष्टी सोडत नाही, त्या तामस धृतीची यादी तिथे आहे. झोप, भय, शोक, विषाद, मद. पहिली झोप आणि लगेच तिच्या शेजारी भय, शोक, विषाद. वर्षानुवर्षं ही ओळ मी नुसती यादी म्हणून वाचली. आता वाटतं, शेजारी कोण बसलंय तेही बघायला हवं. कुणी झोप सोडत नसेल, तर उजवीकडे बघा, तिथे भीती बसली असेल, दुःख बसलं असेल. पांघरूण ओढून काढून ते जाणार नाही. आणि गीतेची सुरुवातच विषादाने होते ना? अर्जुन रथात मट्कन खाली बसला तेव्हा भगवंतांनी दोन खडे शब्द सुनावले खरे, पण नंतर सतरा अध्याय त्याच्याशी बोलत बसले. नुसतं ‘ऊठ’ म्हणून निघून गेले नाहीत.

म्हणून तुमच्यापैकी कुणाला दोन आठवड्यांहून जास्त असं होत असेल, झोप वाढली, कशात मन लागत नाही, सकाळ नकोशी वाटते, तर कृपा करून त्याला साधनेतली ढिलाई समजून स्वतःला मारत बसू नका. घरी सांगा, डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, तिथे मराठीतही बोलता येतं. आणि घोरणं, झोपेत श्वास अडकणं, पुरेसं झोपूनही दिवसा डुलक्या, हे असेल तर तपासणी करून घ्या. गाडी चालवत असाल तर आधी ती बंद आणि मग बाकीचं. नाम घेत घेत दवाखान्याच्या रांगेत बसता येतं, मी बसलेय.

समर्थांची आठवण काढल्याशिवाय हा विषय पुरा कसा होईल. दासबोधाच्या अठराव्या दशकात नववा समास निद्रेवरच आहे. आळस, जांभया, चुटक्या, डुलक्या, घोरणं, सगळं इतकं हुबेहूब की वाचताना हसू आवरत नाही. त्याच्या पुढचाच समास आहे श्रोत्यांच्या अवलक्षणांचा, तेव्हा कीर्तनात झोपणाऱ्यांनी दोन्ही एकदम वाचून घ्यावेत. आधी मी तो समास इतरांवर हसायला वाचायचे. आता घोरण्याच्या वर्णनाशी आले की रूममेटने सांगितलेला तो मधला शांत क्षण आठवतो.

जागरणाचं काय, असं काही जण विचारतील. एकादशीला जागायचं नाही का? जागायचं की. पण पंढरपूरला काय करतात ते बघा. आषाढी म्हणजे देवशयनी, त्या दिवसापासून विष्णू चार महिने झोपतात असं आपण मानतो. आणि नेमकं त्याच सुमाराला पंढरपुरात विठ्ठलाचा पलंग काढून ठेवतात! वारकरी रांगेत उभे आहेत, मग देव कसा झोपणार? चोवीस तास दर्शन. रोजची शेजारती नाही. देवाला टेकायला पाठीशी मऊ लोड देतात, एवढंच. पण हे कायमचं नसतं. यात्रा उरकली की प्रक्षाळपूजा होते. देवाला गरम पाण्याने स्नान घालतात, पायांना लिंबू-साखर चोळतात, रात्री शिणवटा जाण्यासाठी काढा देतात, पलंग परत येतो आणि पुन्हा रोजची शेजारती, पुन्हा पहाटेची काकड आरती. प्रेमापोटी जागरण झालं, त्याची भरपाईही तितक्याच प्रेमाने केली. विटेवर अठ्ठावीस युगं उभ्या असलेल्याला विश्रांतीची गरज आहे असं ज्या लोकांना वाटलं, त्यांना ‘युक्त’ हा शब्द संस्कृत न शिकताही कळला होता.

आपण मात्र वर्षभर पलंग काढून ठेवल्यासारखे जगतो, आणि सगळी प्रक्षाळपूजा एकाच रविवारी उरकायला बघतो.

आपलं माप शोधायचं असेल तर एक साधा उपाय. लांब सुट्टी मिळाली की रोज ठरल्या वेळी आडवं व्हायचं आणि गजर लावायचा नाही. पहिले काही दिवस शरीर जुनी थकबाकी वसूल करेल, करू द्या. त्यानंतर रोज आपोआप जाग येईल तो आकडा बऱ्यापैकी तुमचा. माझा साडेसात निघाला. पाच तासांत भागतं असं मी कित्येक वर्षं अभिमानाने सांगायचे, आणि दुपारच्या सत्संगात डोळे मिटून ‘ध्यान’ करायचे! उठायची वेळ मात्र रोज एकच ठेवा, सुट्टीच्या दिवशी फार तर तासभर इकडेतिकडे. दुपारी वीस मिनिटं पडायला हरकत नाही. दिवसा झोपू नये असा सरसकट नियम आपल्याकडे सांगतात, पण चरकांनी उन्हाळ्यात सूट दिली आहे, कारण रात्री लहान असतात. आणि म्हातारे, मुलं, आजारी, अभ्यासाने किंवा ओझी वाहून थकलेले यांना तर बाराही महिने.

मी घरी शेजारती करते. फार काही नाही, देवापुढचा दिवा शांत करायचा, तेव्हाच फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावायचा. देव झोपला की घर झोपलं. अंथरुणावर पडून नाम घ्यायचं, आणि मधेच झोप लागली तर लागू द्यायची, माळ पुरी करायला उठून बसायचं नाही. पहाटे काकड आरतीला उठायचं तर त्याची तयारी आदल्या रात्री साडेदहाला सुरू होते, पाचच्या गजराला नाही. हे मला त्या मुलाला संकल्प देताना सुचायला हवं होतं.

तो आता रात्री सीपॅप मशीन लावून झोपतो. नाकावर मास्क, त्यातून दाबाने हवा येत राहते आणि श्वासाचा मार्ग मोकळा राहतो. पहिला महिनाभर वैतागला होता. डॉक्टरांनी वजनही कमी करायला सांगितलंय, ते चालू आहे, मोदकांच्या दिवसांत जरा मंदावतं. मी त्याची माफी मागितली तेव्हा तो संकोचला, म्हणाला, “ताई, तुम्ही काय मुद्दाम थोडंच केलंत.” मुद्दाम केलं नव्हतं हे खरं, पण विचारलंही नव्हतं. तू दमतोस का, घोरतोस का, काही मनाला लागलंय का, यातला एकही प्रश्न मी विचारला नव्हता. आता वर्गात कुणी डुलताना दिसलं की आधी तेच विचारते.

परवा तो वर्गाला वेळेवर आला आणि शेवटपर्यंत जागा होता. वर मलाच म्हणाला, “ताई, आज तुम्ही जांभया देत होता.” खरंच देत होते, आदल्या रात्री लग्नाला गेले होते.

उद्या अठरावा श्लोक घेऊ. राम कृष्ण हरी.